रिमोट टीम सांभाळताना: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून सोलापूरला आले, ती परत गेलेच नाही. आज जुळे सोलापुरातल्या घरातून १६ जणांची टीम सांभाळते. सहाजण शहरातच आहेत, बाकीचे बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर, पुणे, विजापूर आणि हैदराबादला. ऑनलाइन माल विकणाऱ्यांचे कॅटलॉग बनवणं, त्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणं आणि हिशेब लिहिणं हे आमचं काम. टॉवेल-चादरीचे कारखानदार, सीए, क्लासवाले, नुकतेच टीम लीड झालेले तरुण असे बरेच जण मला प्रश्न पाठवतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

प्र. १. रिमोट टीम आणि वर्क फ्रॉम होम एकच ना?

बोलताना एकच, पण काम बसवताना फरक पडतो. वर्क फ्रॉम होममध्ये ऑफिस असतं, माणूस काही दिवस घरून काम करतो, आणि अडलं तर ऑफिसात कोणालातरी फोन करतो. रिमोट टीमला टेकायला ऑफिसच नसतं. कुठली फाइल कुठे आहे, कोणाला विचारायचं, काम झालं असं कधी म्हणायचं, हे सगळं मुद्दाम ठरवावं लागतं. अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द काढला. सोलापूरला घरून काम त्याच्या आधीपासून माहीत आहे, कारण इथे विडी घरीच वळली जाते.

प्र. २. लोक घरी बसून खरंच काम करतायत, हे मला कळणार कसं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या शेजारच्या अक्का चाळीसेक वर्षं विड्या वळत होत्या. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि सूत आणायचं. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, आणि वळलेल्या विड्या दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या. दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवणारं कोणी नव्हतं. मधे स्वयंपाक झाला, नातवाला झोपवलं, तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. हजाराला इतकी मजुरी असा हिशेब होता.

त्या कामाचा मी गोडवा गात नाही. मजुरी तुटपुंजी, पाठ कायमची गेलेली, घरभर तंबाखूची धूळ. पण अक्कांना या सगळ्याहून जास्त लागायची ती छाट. विड्या मोजून घेणारा मूठभर विड्या बाजूला काढायचा. कधी म्हणायचा सैल आहेत, कधी म्हणायचा बारीक आहेत, बऱ्याचदा काहीच म्हणायचा नाही. अक्का ओट्यावर बसून एकच विचारायच्या, “कशी वळायची ते तरी सांगा की.”

रिमोट टीम सांभाळताना मला पहिल्यांदा या अक्का आठवतात. माणसाचे तास मोजत बसू नका, हातातून निघालेलं काम मोजा. आणि काय चालेल, काय चालणार नाही हे काम देण्याआधी सांगा. दुसरी गोष्ट केली नाही तर पहिलीचा उपयोग नाही, उरते ती छाट.

मी दर शुक्रवारी तीन गोष्टी बघते. ठरलेलं काम ठरलेल्या दिवशी झालं का? होणार नव्हतं तर आधी कळवलं का? आणि किती काम परत करावं लागलं? तिन्ही ठीक असतील तर तो माणूस दुपारी दोन तास झोपला का, याच्याशी मला देणंघेणं नाही. परत करायचं काम वाढलं तर आधी मी माझ्या सूचना तपासते. निम्म्याहून जास्त वेळा चूक तिथेच सापडते.

प्र. ३. ‘काय चालेल’ हे लिहायचं कसं? प्रत्येक कामाला निबंध लिहू का?

निबंध नको, पाच-सहा ओळी पुरतात. आमच्याकडचं एक काम जसं दिलं तसंच देते:

‘काम: १२ टॉवेलची माहिती चढवणे. झालं कधी म्हणायचं: प्रत्येकाचे ६ फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. लांबी-रुंदी सेंटिमीटर आणि इंच, दोन्हीत. जीएसएम लेबलवरून, अंदाजानं नाही. रंगाचं नाव व्यापाऱ्याच्या यादीतलंच. शेवटी फोनवर उघडून पाहायचं. कधीपर्यंत: गुरुवार दुपारी ४. अडलं तर: बार्शीच्या ताईंना विचारा.’

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ‘अंदाजानं नाही’ हे दोन शब्द महागात पडून आले आहेत. एकदा ४०० जीएसएमच्या टॉवेलपुढे ५०० पडलं आणि ग्राहकांनी माल परत पाठवला. चूक ज्या मुलाची दिसत होती त्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, “लेबल बघायचं हे कुठे लिहिलं होतं?” खरंच कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून एखादी चूक झाली की ती टाळणारी एक ओळ त्या कामाच्या सूचनेत जाते. वर्षभरात सूचना आपोआप नीट होत जातात.

प्र. ४. रोज किती मीटिंग घ्याव्यात?

रोज एकही नाही. सकाळी प्रत्येकानं तीन ओळी लिहायच्या: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. वाचायला मला दहा मिनिटं लागतात. आठवड्यातून एकदा पाऊण तासाचा सगळ्यांचा कॉल, आणि पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाशी एकट्यानं अर्धा तास. हा अर्धा तास मी काही झालं तरी रद्द करत नाही. का, ते प्र. १७ मध्ये आहे.

अजेंडा आदल्या दिवशी लिहिलेला नसेल तर आमच्याकडे मीटिंग होत नाही. हा नियम मलाही लागू आहे.

प्र. ५. व्हॉट्सॲप ग्रुप आहे की. अजून वेगळं काही कशाला?

निरोपाला व्हॉट्सॲप चांगलं आहे, निर्णय ठेवायला वाईट. मंगळवारी ठरलेला दर शुक्रवारी शोधायला जा. मधे चाळीस सुप्रभात, दोन वाढदिवस आणि एका लग्नाची पत्रिका असते. शिवाय तो फोन माणसाचा स्वतःचा असतो. रात्री अकराला मामाचा मेसेज आणि तुमचा मेसेज एकाच आवाजात वाजतात, मग काम संपलं असं त्याला कधीच वाटत नाही.

आमच्याकडे तीन जागा आहेत. कामं एका गुगल शीटमध्ये. ठरलेल्या गोष्टी एका सामायिक डॉक्युमेंटमध्ये, वर तारीख टाकून. तातडीचं असेल तर फोन. व्हॉट्सॲप आहेच, पण ‘लाइट गेली’, ‘पोचले’, ‘उशीर होतोय’ एवढ्यापुरतं. कॉलवर काही ठरलं की कॉल संपायच्या आत कोणीतरी ते डॉक्युमेंटमध्ये लिहितं. लिहिलं नाही तर ते ठरलंच नाही असं आम्ही धरतो. गिटलॅब ही कंपनी पूर्णपणे रिमोट चालते आणि आपली कामाची बहुतेक सगळी पद्धत लिहून उघडपणे इंटरनेटवर ठेवते. एवढं मोठं काही लागत नाही. आमचं डॉक्युमेंट ३१ पानांचं आहे आणि अर्धं मराठीत आहे.

प्र. ६. स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर टाकू का? निदान कॅमेरा दिवसभर चालू ठेवायला सांगू का?

दोन्ही करू नका. मी २०२१ मध्ये असं सॉफ्टवेअर टाकलं होतं. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो निघायचा आणि माउस हलला नाही की नावापुढे लाल खूण यायची. आमच्याकडची एक मुलगी अवघड तक्रारींची उत्तरं आधी वहीत लिहायची, गॅलरीत फेऱ्या मारत विचार करायची, मग टाइप करायची. सगळ्यात चांगली उत्तरं तिचीच असायची. महिनाभरात तिची उत्तरं पहिल्यासारखी राहिली नाहीत. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, विचार करत बसले की लाल दिसतं.” त्याच दिवशी मी ते काढून टाकलं आणि सगळ्यांची माफी मागितली.

त्यात कायद्याचाही भाग आहे. घरच्या स्क्रीनच्या फोटोत बँकेचे मेसेज येतात, मुलांचे चेहरे येतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. जी माहिती तुम्हाला नकोच आहे ती गोळा करून तिची जबाबदारी कशाला अंगावर घ्यायची?

एक अपवाद आहे. ग्राहकांचे बँक तपशील किंवा आजारपणाची माहिती हाताळायची असेल तर कंपनीचा लॅपटॉप द्या, त्यावर सुरक्षेची बंधनं ठेवा आणि काय-काय नोंदलं जातं ते मराठीत लिहून सही घ्या. स्वतःच्या लॅपटॉपवर हे लादू नका.

प्र. ७. लाइट जाते, नेट जातं. खरं कारण कुठलं आणि बहाणा कुठला?

ओळखत बसू नका, सोय करा. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. लाइट गेली की काम थांबतं ते बहुतेक यामुळेच. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो कंपनीच्या खर्चानं प्रत्येकाला द्या. दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवायला सांगा आणि त्याचा रिचार्ज पगाराबरोबर द्या. एवढं केल्यावर आमच्याकडे हे कारण जवळजवळ बंद झालं. नियम एकच: बंद पडलं तर पंधरा मिनिटांत फोनवरून एका ओळीत कळवायचं. काम भरून कधी काढायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

एप्रिल-मे हा वेगळा विषय आहे. पारा ४२-४३ च्या पुढे गेल्यावर पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला बसून कोणाचंच डोकं चालत नाही. त्या दोन महिन्यांत आमची वेळ सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८ असते. ग्राहकांच्या तक्रारींसाठी दुपारी पुण्याची मंडळी बसतात.

प्र. ८. माझ्याकडे एक जण कामाच्या वेळेत मधेच उठून जातो. चालवून घ्यावं का?

आधी तो कशाला उठतो ते विचारा. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की घरातल्या एकाला मोटर, टाकी, पिंपं याच्या मागे लागावंच लागतं. पाण्याचा दिवस म्हटलं की आमच्याकडे कोणी पुढे काही विचारत नाही.

दिवसातले तीन तास असे ठेवा की त्या वेळात सगळे हाकेला ओ देतील. आमचे सकाळी १० ते १, उन्हाळ्यात ८ ते ११. बाकीचे तास ज्याचे त्याचे. पाणी नेमकं दहाला आलं तर शीटमध्ये ‘पाणी’ एवढंच लिहायचं. फोनवर ग्राहकांशी बोलण्याचं काम असेल तर मात्र ही मोकळीक देता येत नाही. तिथे पाळी लावावी लागते आणि आयत्या वेळी पाळी बदलून घेणारा जोडीदार ठरवून ठेवावा लागतो.

प्र. ९. आमचा क्लायंट अमेरिकेचा आहे. वर्षातून दोनदा सगळे कॉल गडबडतात. काय करावं?

घड्याळं त्यांची बदलतात, आपली नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे त्यांचा सकाळी साडेनऊचा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला, हिवाळ्यात रात्री ८ ला. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. म्हणून दोन्हीकडचे क्लायंट असतील तर मधले काही आठवडे आणखी घोळ होतो.

या चारही तारखा जानेवारीतच कॅलेंडरवर टाका. आणि हिवाळ्यातल्या आठच्या कॉलला दर वेळी एकच माणूस बसवू नका. आमच्याकडे महिन्याची पाळी आहे. ज्याची पाळी असेल त्याचं काम दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला सुरू होतं.

प्र. १०. नवीन माणूस घरूनच जॉइन होणार आहे. पहिले दिवस कसे काढायचे?

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या हातून एक छोटं खरं काम पूर्ण झालं पाहिजे. एक टॉवेल चढवला, एका तक्रारीला उत्तर दिलं, एवढंसुद्धा चालेल. दिवसभर नुसतं वाचायला दिलं तर घरी बसलेल्या माणसाला वाटतं, आपली इथे काही गरज नाही.

दोन आठवडे एक जोडीदार द्या. त्यानं दिवसातून दोनदा आपण होऊन फोन करायचा. नवीन माणूस विचारत नाही, आपण दुसऱ्याला त्रास देतोय असं त्याला वाटतं. आणि नव्यानं विचारलेला प्रत्येक प्रश्न डॉक्युमेंटमध्ये (प्र. ५) त्याच्याकडूनच लिहून घ्या. काय लिहायचं राहून गेलंय हे त्याच्याइतकं कोणालाच दिसत नाही.

प्र. ११. कोणी मराठी बोलतं, कोणी कन्नड, कोणी तेलुगू. लिहायचं कशात?

सोलापूरकराला हे नवीन नाही. एका गल्लीत चार भाषा ऐकतच आपण वाढतो. अडचण बोलण्याची नसते, लिहिण्याची असते. इंग्रजीत लिहायचं म्हटलं की चांगली माणसं गप्प बसतात आणि इंग्रजी बरी असलेला माणूस हुशार ठरतो. मी सांगून टाकलंय: आत लिहिताना मराठी, हिंदी, मोडकं इंग्रजी, रोमन लिपीतलं मराठी, सगळं चालेल. क्लायंटकडे जाणारं तेवढं एकजण तपासून पाठवतो. विजापूरचा आमचा सहकारी अडकला की व्हॉइस नोट पाठवतो. मग ऐकणारा त्यातलं ठरलेलं दोन ओळींत लिहितो.

संबोधनाचंही आधी ठरवा. पुण्याच्या मुलांना पहिल्या नावानं हाक मारायची सवय असते. अक्कलकोटच्या पन्नाशीच्या हिशेबनीस काकांना विशीतल्या मुलीनं नुसत्या नावानं लिहिलं ते त्यांना फार लागलं होतं. आता वयानं मोठ्यांना काका, ताई, दादा आणि अहो-जाहो. कोणाची तक्रार नाही.

प्र. १२. चूक झाली तर सांगायची कशी? समोर बसून बोलता येत नाही.

फोन करून, एकट्याला, त्याच दिवशी. ग्रुपवर कधीच नाही. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो. तुम्ही साधं ‘हे परत बघ’ लिहिता, समोरचा ते रात्री दहा वेळा वाचतो. बोलून झालं की काय बदलायचं ते दोन ओळींत लिहून पाठवा, म्हणजे छाटेसारखं होणार नाही (प्र. २).

कौतुक मात्र सगळ्यांसमोर लिहा, आणि नेमकं लिहा. ‘छान काम’ लिहिलं तर काय छान झालं ते कोणालाच कळत नाही. ‘त्या चिडलेल्या ग्राहकाला तू आधी त्याचा ऑर्डर नंबर वाचून दाखवलास, तिथेच तो शांत झाला’ असं लिहा.

प्र. १३. माझ्या टीममधल्या मुलींना घरचे म्हणतात, ‘घरीच तर असतेस.’ यात मी मॅनेजर म्हणून काय करू शकते?

बरंच काही. आमच्याकडची एक जण लग्नानंतर सतत मागे पडायला लागली. कॉल सुरू असताना मागून हाक यायची, पाहुणे आले की चहा, दुपारी भाकरी. ती स्वतः घरात काही बोलू शकत नव्हती. मी कंपनीच्या लेटरहेडवर मराठीत एक पत्र लिहिलं: आपल्या सूनबाई आमच्याकडे अमुक पदावर आहेत, त्यांची कामाची वेळ अमुक ते अमुक, त्यांच्या कामावर अमुक ग्राहक अवलंबून आहेत, आपल्या सहकार्याबद्दल आभार. सही-शिक्का मारून पोस्टानं घरी पाठवलं. सासऱ्यांनी ते फ्रिजवर चिकटवलं. तिच्या वेळेत आता तेच इतरांना गप्प करतात.

प्रत्येक घरी पत्र चालेल असं नाही. आधी तिला विचारा, तिच्या परवानगीशिवाय घरी काहीही पाठवू नका. घरात जागाच नसेल तर जवळच्या अभ्यासिकेची किंवा बसायच्या जागेची महिन्याची फी द्या. एका चांगल्या माणसाला गमावण्यापेक्षा ती फार कमी असते. आणि घरात त्रास याच्याही पलीकडचा असेल, मारहाण असेल, तर तो मॅनेजरनं समजूत घालायचा विषय नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तो क्रमांक तिच्याजवळ असू द्या.

प्र. १४. आमच्यातले काही ऑफिसात बसतात, काही घरून. घरून काम करणारे म्हणतात त्यांना काही कळवलं जात नाही. खरं आहे का?

बहुतेक खरंच असतं. ऑफिसातले चौघं सात रस्त्यावर चहाला जातात, तिथे एक गोष्ट ठरते, आणि बार्शीच्या माणसाला ती चार दिवसांनी कळते. मुद्दाम कोणीच करत नाही, पण होतं. दोन गोष्टींनी फरक पडतो. कॉलला एकजण जरी घरून असेल तरी ऑफिसातल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरूनच यायचं, एका खोलीत एका स्क्रीनसमोर घोळका करायचा नाही. आणि चहावर ठरलेलं टेबलाशी परतल्यावर लिहायचं (प्र. ५). बढती देताना तर जास्त सांभाळा, रोज दिसणारा माणूस उगाच जास्त कामाचा वाटतो.

प्र. १५. सणाच्या सुट्ट्या कशा द्यायच्या? प्रत्येकाचं गाव वेगळं.

ठरावीक सुट्ट्या कमी ठेवा, निवडीच्या जास्त. आमच्याकडे सहा दिवस सगळ्यांना बंद आणि आठ दिवस प्रत्येकानं वर्षाच्या सुरुवातीला निवडायचे. कोणी ईद घेतं, कोणी बसवजयंती. पंढरपूरची मंडळी आषाढीचे दिवस धरतात, कारण त्या आठवड्यात घरात वारकरी उतरलेले असतात. विजापूरकर १ मेऐवजी १ नोव्हेंबर घेतात, त्यांचा कर्नाटक राज्योत्सव असतो. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, तेवढं सोपं.

अवघड आहे ती संक्रांत. त्या दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, गड्ड्याची जत्रा. पहिल्या वर्षी मी ठरवलं, सोलापूरकरांच्या जागी हैदराबाद आणि विजापूरचे बसतील. हैदराबादला संक्रांत हाच मोठा सण आणि विजापुरातही त्याच सुमारास सिद्धेश्वरांचीच जत्रा, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सगळ्यांनी होकार दिला आणि सगळे मनातून खट्टू झाले. आता क्लायंटना नोव्हेंबरमध्येच लेखी कळवते की त्या तीन दिवसांत फक्त तातडीच्या तक्रारी घेतल्या जातील. एकही क्लायंट त्यावरून गेला नाही.

प्र. १६. पुण्यातल्याला जास्त आणि सोलापुरातल्याला कमी पगार दिला तर चुकतं का?

माझ्या मते चुकतं. काम तेच, ग्राहक तोच, बिल तेवढंच, मग खोलीचं भाडं कमी म्हणून पगार कमी कशाला? आकडे लपत नाहीत, आणि कळल्यावर सोलापूरची चांगली मुलं पुण्याची गाडी धरतात. सगळ्यांचा पगार पुण्याच्या पातळीवर नेणं पहिल्या वर्षी मलाही परवडलं नव्हतं. फरक तीन वर्षांत भरून काढेन असं लिहून दिलं आणि काढला.

प्र. १७. काम वेळेत येतंय, पण माणूस गप्प झालाय. काळजी करावी का?

हो. ऑफिसात पडलेला चेहरा दिसतो, इथे फक्त तीन ओळी दिसतात. म्हणून त्या ओळी लक्षपूर्वक वाचा. आधी ‘आज जरा वैताग आहे, पण संपवतो’ असं लिहिणारा माणूस नुसतं ‘काम चालू’ लिहायला लागला, कॉलवर शेवटी बोलायला लागला, रात्री दोनला फाइल चढवायला लागला, तर फोन करा.

पंधरा दिवसांचा अर्धा तास (प्र. ४) यासाठीच राखलेला असतो. त्यात कामाचं विचारू नका. मी विचारते, “घराबाहेर शेवटचं कधी गेला होतात?” एकदा एका मुलानं थोडा वेळ थांबून सांगितलं, “मॅडम, नऊ दिवस झाले.” एकटा राहायचा, डबा दारात यायचा. आम्ही त्याच्यासाठी मोठं काही केलं नाही. शहरातल्या दोघांनी दर बुधवारी त्याच्याबरोबर एका ठिकाणी बसून काम करायचं ठरवलं. आता त्या बुधवारी पाचजण असतात.

झोप, जेवण, जगण्याची इच्छा यावरच परिणाम दिसला तर डॉक्टरकडे जायला मदत करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

प्र. १८. एक जण लपून दुसरीकडेही काम करतोय असं वाटतं. काय करू?

वाटतं म्हणून काही करू नका. काम वेळेत आणि नीट येत असेल तर (प्र. २) आधी स्वतःला विचारा, नुकसान नेमकं काय होतंय? दोन गोष्टी मात्र चालवून घेऊ नका: तुमच्याच क्लायंटच्या स्पर्धकाचं काम, आणि तुमच्याकडची माहिती तिकडे जाणं. हे नेमणूकपत्रात स्पष्ट लिहा. आणि सरळ विचारा. मी विचारलं तेव्हा कळलं की बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं. त्याला आमच्याकडेच शनिवारचं जादा काम दिलं.

प्र. १९. ऑनलाइन काम करताना कोणी अश्लील मेसेज पाठवले, तर ‘ऑफिसमधला’ छळ धरतात का?

धरतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे आणि त्यातल्या कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत घराचाही उल्लेख आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे. अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. सगळे वेगवेगळ्या गावी असले तरी समिती लागतेच. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. आणि मॅनेजर असाल तर ‘तो तसाच आहे, मस्करी करतो’ हे वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका.

प्र. २०. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम मागता येतं का?

मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली आणि रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालक आणि कर्मचारी दोघांच्या संमतीनं घरून काम करण्याची तरतूद आली. आधीच रिमोट असलेल्या टीममध्ये खरा प्रश्न तासांचा असतो. पहिले तीन महिने अर्धवेळ द्या.

प्र. २१. कर्मचारी कर्नाटकात राहतो, कंपनी सोलापुरात. काही वेगळं करावं लागतं का?

विजापूर इथून शंभरेक किलोमीटर, पण राज्य दुसरं. व्यवसाय कर प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, सुट्ट्यांचे नियमही वेगळे. नेमणुकीच्या आधीच सीएला विचारा, पहिला पगार झाल्यावर नको.

प्र. २२. कोणाला कामावरून कमी करायचं असेल तर?

व्हिडिओ कॉलवर, स्वतः, कारण सांगून. मेसेजनं किंवा पासवर्ड बंद करून कधीच नाही. ज्याला हे अचानक कळतंय असं वाटेल, त्याच्याबाबतीत मॅनेजर आधीचे दोन महिने गप्प बसलेला असतो. लॅपटॉप परत आणायला कुरियर तुम्ही पाठवा, हिशेब ठरल्या तारखेला द्या.

प्र. २३. सगळ्यांना प्रत्यक्ष भेटवायचं का? खर्च फार होतो.

वर्षातून दोनदा तरी भेटवा. ऑफिसच्या वाचलेल्या भाड्यातून सहज निघतं. आम्ही हिवाळ्यात सोलापुरात भेटतो. पुण्याची मंडळी आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस धरून येतात, विजापूर-अक्कलकोटचे एसटीनं सकाळी पोचतात. पहिल्या भेटीत मी दिवसभराची सादरीकरणं ठेवली होती आणि दुपारपर्यंत सगळे पेंगत होते. आता सकाळी दोन तास कामाचं बोलणं, तेही वर्षभर लांबलेल्या एका-दोन वादांपुरतं. मग जेवण, तळ्याकाठी सिद्धेश्वराचं दर्शन ज्यांना घ्यायचं त्यांना, आणि गप्पा. मागच्या वेळी हिशेबनीस काका आणि त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारी ती मुलगी संध्याकाळी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं ताट मधे ठेवून बसले होते. ती त्यांना शीटमधलं फिल्टर शिकवत होती आणि काका वहीत उतरवून घेत होते.